अक्काच्या संगणकाला तिसरा जोड

मापबाईंना माणसे चेहऱ्यावरून आठवत नसत, पायांवरून आठवत. रस्त्यात कोणी थांबून "ओळखलंत का?" असे विचारले की त्या आधी खाली बघत आणि मग म्हणत, "सहा नंबर, उजव्या पायाला कुरूप. बरं झालं का ते?" बाजाराच्या कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानात त्यांनी एक्केचाळीस वर्षे काढली. एकोणिसाव्या वर्षी लागल्या, साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या, आणि एवढ्या काळात त्यांनी विकलेला एकच जोड परत आला. तोही नवऱ्याला फेकून मारल्यामुळे टाच निघाली म्हणून.

स्वतःचा नवराही त्यांना दुकानातच मिळाला. आठ नंबर, डावा पाय किंचित मोठा. तो तिसऱ्यांदा लेस घ्यायला आला तेव्हा मापबाईंच्या लक्षात आले की त्याच्या पायांत बिनलेसचे बूट आहेत. त्याला जाऊन आता सहा वर्षे झाली. त्याच्या बुटांना अजून दर शनिवारी पॉलिश होते. चामडे कोरडे पडू नये, एवढेच कारण त्या सांगतात.

दुकानात त्यांचे काही नियम होते. गिऱ्हाइकापुढे तीनपेक्षा जास्त जोड काढायचे नाहीत. चौथा काढला की माणूस गोंधळतो आणि "येते हं" म्हणून सटकतो. जोड संध्याकाळी घालून बघायचा, कारण सकाळचा पाय खोटे बोलतो. दहा पावले चालल्याशिवाय खोके बांधायचे नाही. आणखी एक नियम होता, तो त्यांनी कोणाला शिकवला नाही, कारण तो शिकवून येत नाही असे त्यांचे मत होते. गिऱ्हाईक जोपर्यंत चपलेबद्दल बोलते आहे, तोपर्यंत चप्पल बसलेली नाही. चालता चालता ते सुनेबद्दल बोलू लागले की खोके बांधायचा दोरा हातात घ्यायचा.

मापबाई दुसऱ्या मजल्यावर राहत आणि त्यांच्या बरोब्बर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, त्यांची थोरली बहीण अक्का. अक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पस्तीस वर्षे एका कचेरीत टंकलेखिका होती. वडील गेले तेव्हा मापबाई शाळेत होत्या, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे ते घर अक्काच्या दहा बोटांवर चालले. निवृत्त झाल्यावर त्या बोटांना स्वस्थ बसवेना, म्हणून अक्का तक्रारी लिहू लागली. आधी स्वतःच्या, मग शेजाऱ्यांच्या, मग अख्ख्या गल्लीच्या. दिवसा जळणारा आणि रात्री विझणारा रस्त्यावरचा दिवा तिने अकरा पत्रांत सुधारला. बिस्किटांच्या कारखान्याला तिने एका पुड्यात तेराऐवजी बारा बिस्किटे का, असे विचारले, तेव्हा त्यांनी घाबरून एक अख्खा डबा पाठवला. अक्काने तो परत केला. सोबत पत्र होते: एक बिस्कीट मागितले होते.

तिच्या मुलाने, म्हणजे डॉक्टरांनी, तिचा रक्तदाब एकदा तक्रारीआधी आणि एकदा नंतर मोजला होता. नंतरचा कमी निघाला.

दोघी बहिणींमध्ये काठीची भाषा होती. वरून दोन ठोके म्हणजे वर ये. तीन ठोके म्हणजे येताना दूध आण. एक ठोका म्हणजे काठी पडली, लक्ष देऊ नको.

त्या सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दोन ठोके आले. मापबाई वर गेल्या तर अक्का संगणकापुढे हाताची घडी घालून बसलेली. पडद्यावर एक भली मोठी सूचना होती. या संगणकावरच्या प्रणालीची देखभाल आता बंद झाली आहे, ती यापुढे सुरक्षित राहणार नाही, आणि नवी प्रणाली या यंत्रावर चालणार नाही, तेव्हा कृपया नवे यंत्र घ्यावे.

"बघ," अक्का म्हणाली, "माझ्याच घरात बसून मला सांगतंय, तुमचा काळ संपला."

"तुझा नाही गं अक्का, संगणकाचा."

"पण ऐकून घ्यावं लागतं मलाच ना?"

अक्काने तिथल्या तिथे प्रणाली बनवणाऱ्यांना तक्रारीचे पत्र धाडले होते. उत्तर एका मिनिटात आले: या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. तेच तिला जास्त लागले होते. "पस्तीस वर्षांत मला कोणी उत्तर पाठवू नका म्हटलं नव्हतं. आमचे साहेबसुद्धा म्हणायचे, जरा थांबून पाठवा."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला; सूचनेचे अक्काने त्यांना आधीच कळवले होते. ते दातांचे डॉक्टर होते आणि जगातल्या सगळ्या अडचणींवर त्यांचा उपाय एकच होता.

"हलायला लागलंय ना, आई? मग काढून टाकू. रविवारी अकराला येतो, ते खोकं घेऊन जातो आणि तुला टॅबलेट देतो. छान, हलका."

"धाकटे, याला सांग, मी याच्या खुर्चीत आ करून बसलेली नाही."

"आई, चेष्टा नको. जुनं तसंच वापरत राहिलीस आणि कोणी भामटा आत शिरला तर?"

यात मात्र तथ्य होते, हे दोघींनाही कळत होते. मापबाईंनी फोन स्वतःकडे घेतला. "आणि समजा रविवारपर्यंत याच यंत्रावर काही धड, सुरक्षित चालू झालं, तर?"

"झालं तर राहू दे. पण होणार नाही, मावशी. नमुना आहे तो. कंपनीनेच हात टेकलेत."

फोन ठेवल्यावर अक्का आपल्या हातांकडे बघत राहिली. मुलाकडे गेली असताना तिने टॅबलेट वापरून पाहिला होता. "काचेवर एका बोटानं टोचत बसायचं. उरलेल्या नऊ बोटांनी काय करायचं? सुट्टीवर जायचं?" आणि मग जरा हळू आवाजात, "बाकाचं पत्र सोमवारपर्यंत द्यायचंय गं."

बाकाचे प्रकरण असे होते. कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर पालिकेने नवा बाक बसवला, तो भिंतीकडे तोंड करून. बसलेल्याला बस दिसत नसे, आणि बसवाल्याला बसलेले माणूस भिंतीशी भांडते आहे असे वाटून तो थांबत नसे. अक्काच्या सहा पत्रांनंतर पालिकेने एकदाचे कळवले होते की सविस्तर निवेदन पुढच्या सोमवारपर्यंत द्यावे. एका बोटाने ते निवेदन पूर्ण व्हायला वर्ष लागले असते.

"रविवारपर्यंत मी निवडून देते तुला," मापबाई म्हणाल्या.

"काय निवडून देतेस?"

"जे काय घालतात ते. संगणकाला."

मंगळवारी मापबाई गल्लीच्या टोकाला संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे गेल्या. पन्नाशीचा गृहस्थ, कानावर पेनऐवजी स्क्रूड्रायव्हर. सगळे त्यांना उसासे म्हणत, कारण कोणतेही यंत्र उघडले की ते आधी उसासा टाकत. आखूड उसासा म्हणजे धूळ. मध्यम म्हणजे सुटा भाग मागवावा लागेल. लांब म्हणजे घरच्यांना बोलावून घ्या. मापबाईंनी सूचनेवरचा मजकूर वाचून दाखवला तेव्हा उसासा आखूडच निघाला.

"यंत्राला काही झालेलं नाही, ताई. त्यावरची प्रणाली म्हातारी झालीय. दुसरी बसवा. लिनक्स."

"ते काय असतं?"

"लोकांनी मिळून बनवलेली प्रणाली. कोणी कुठे बसून हा भाग लिहितो, कोणी तो. आतलं सगळं उघडं असतं, ज्याला कळतं त्याला बघता येतं, सुधारता येतं. आणि फुकट."

मापबाईंच्या कपाळाला आठी पडली. "फुकट का? टाच निघालीय?"

"टाच पक्की आहे. मी स्वतः दहा वर्षं तीच वापरतो."

"मग उसासे का टाकता?"

"ते त्याच्या आधीपासून आहेत."

"प्रकार किती आहेत यात?"

"तीनशे तरी असतील. मोजून होईपर्यंत दोन नवे निघतात." असे म्हणून ते उत्साहाने पडद्यावर यादी उघडू लागले.

"थांबा, थांबा," मापबाईंनी हात आडवा धरला. "तीनशे जोड पुढ्यात मांडलेत तर गिऱ्हाईक अनवाणी पळेल. तीनच काढा."

"कुठले तीन?"

"माप घेतलंत का?"

उसाशांनी माप घेतले नव्हते. बावीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी प्रत्येक यंत्राचे वय विचारले होते, यंत्रापुढे बसणाऱ्याचे कधीच नाही. मापबाईंनी त्यांच्याकडे दया येऊन बघितले, स्टूल ओढले आणि माप सांगायला सुरुवात केली. वय अठ्ठ्याहत्तर. दहा बोटांनी टंकते, तेही जुन्या टाइपरायटरच्या मांडणीने. अक्षर एका जागेवरून दुसरीकडे गेले तर घर डोक्यावर घेईल. काही हवे असले की डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात बघते, गेली पंधरा वर्षे. हलणाऱ्या, उडणाऱ्या गोष्टी खपत नाहीत. छापायचे यंत्र जुने आहे आणि ते बदलणार नाही. काम: पत्र लिहिणे, पत्र छापणे, टपाल, आणि मुलाशी तोंड बघून बोलणे.

उसाशांनी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून पेन घेतले आणि लिहून घेतले. शेवटी स्वतःची भर घातली, "मेमरी चार जीबी, चकती जुनी, फिरणारी," आणि आत जाऊन तीन पेनड्राइव्ह तयार करून आणले. त्यांची परदेशी नावे मापबाईंच्या जिभेवर चढेनात, म्हणून त्यांनी तिथेच चिठ्ठ्या चिकटवल्या: बूट, सपाता, रोजची.

"हा लावायचा," उसासे समजावू लागले, "यंत्र सुरू करताना एफ-बारा दाबत राहायचं, आणि विचारलं की 'नुसतं वापरून बघा' वर टिचकी मारायची. आतल्या जुन्या सामानाला धक्का लागत नाही. आवडलं नाही तर बंद करा, पेनड्राइव्ह काढा. खूणसुद्धा राहत नाही."

हे वाक्य ऐकून मापबाईंना फार समाधान वाटले. दुकानात त्या हेच तर सांगत आल्या होत्या: घालून बघा, सतरंजीवर चाला, घडी पडणार नाही, खूण राहणार नाही. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे बीज त्या समाधानात होते.

बुधवारी पहिला जोड. मापबाईंनी संगणक सकाळपासून चालू ठेवायला लावला होता, म्हणजे चार वाजेपर्यंत तो संध्याकाळच्या पायासारखा नीट सुजेल. दहा पावलांचा कागदही त्यांनी लिहून आणला होता: पत्र उघडणे, टंकणे, जपून ठेवणे, छापणे, अक्षर मोठे करणे, टपाल, मुलाचे तोंड, आवाज वाढवणे, चूक करून ती मागे घेणे, आणि बंद करणे.

'बूट' दिसायला देखणा होता. पण चौथ्या पावलालाच यंत्राला धाप लागली, आणि खालच्या पट्टीवरची चित्रे बाण जवळ गेला की फुगू लागली.

"हे माझ्याकडे का येतंय?" अक्का खुर्ची मागे सरकवत म्हणाली.

"नमस्कार करतंय तुला."

"लांबूनच कर म्हणावं. धाकटे, काढ हे."

पाच वाजून वीस मिनिटांनी बूट खोक्यात गेला. गुरुवारी 'सपाता'. ती एवढी हलकी की अक्काने कळ दाबायच्या आधी अक्षर उमटते की काय असे वाटले. पण छापायचे यंत्र तिला दिसेना. यंत्र दोन हातांवर ठेवलेले, घरघर करत होते, तरी दिसेना. टाइपरायटरची मांडणी शोधायला गेले तर एक काळी चौकट उघडली आणि तिच्यात एक काडी लुकलुकत उभी राहिली.

"आता ही काय म्हणतेय?"

"काही म्हणत नाही. तूच काहीतरी म्हणावंस म्हणून थांबलीय."

अक्का त्या काडीकडे बराच वेळ बघत राहिली आणि काडी अक्काकडे. शेवटी अक्का म्हणाली, "माणूस घरात सपाता घालतो, कचेरीत नाही." मापबाईंनी मान डोलावली. गिऱ्हाईक अजून चपलेबद्दलच बोलत होते.

शुक्रवारी 'रोजची'. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात जिथे हवा तिथे मेनू. काही उडेना, फुगेना. कळफलकाच्या यादीत टाइपरायटरची मांडणी निघाली, आणि छापायच्या यंत्राने हाक मारल्यासारखा एक कागद बाहेर टाकला. अक्काने पहिली ओळ टंकली, दुसरी टंकली, आणि तिसऱ्या ओळीला म्हणाली, "त्या भिंतीवर चित्रपट दाखवणार आहेत की काय हे लोक?"

मापबाईंनी ओळखले की ही बाकाबद्दल बोलते आहे. अशा वेळी गिऱ्हाइकाला एकटे सोडायचे असते. त्या हळूच खाली आल्या. चार वाजल्यापासून सात वाजेपर्यंत छतातून टकटक ऐकू येत राहिली, मध्येच थांबे, अक्काचा एकटीचा हसण्याचा आवाज येई, की पुन्हा टकटक. मापबाई आरामखुर्चीत डोळे मिटून पडल्या आणि त्यांनी मनातल्या मनात दोरा हातात घेतला.

सात वाजता अक्काने नऊ पानांचे निवेदन जपून ठेवले. छापले मात्र नाही. रागाने लिहिलेले पत्र त्याच दिवशी छापायचे नाही, सकाळी वाचून मग छापायचे, हा तिच्या कचेरीचा पस्तीस वर्षांचा शिरस्ता. मग तिने रीतसर मेनूत जाऊन संगणक बंद केला, त्यावर कापड घातले आणि ती फिरायला गेली.

शनिवारी सकाळी आठ वाजता वरून ठोके आले. मापबाई बुटांना पॉलिश करत होत्या. दोन, तीन, चार. सातव्या ठोक्याला त्या उठल्या, कारण सातचा अर्थ ठरलेलाच नव्हता.

निवेदन नव्हते. पान नव्हते, ओळ नव्हती. अक्काने काल तिथे बसून काही लिहिले होते, याचा पुरावा म्हणून फक्त अक्का होती.

"खूण राहत नाही म्हणाले होते," मापबाई पुटपुटल्या.

"कोण म्हणालं?"

"उसासे. वापरून बघताना काही खूण राहत नाही. मला वाटलं, चांगलीच गोष्ट आहे."

"मी जपून ठेवलं होतं, धाकटे."

"सतरंजीवर ठेवलंस गं. मीच सांगायला हवं होतं. आपण दुकानात चालत होतो, आणि मला वाटलं रस्त्यावर आलो."

अक्काने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "बरं, तक्रार कोणाकडे करायची?"

मापबाईंनी मान खाली घातली. "मालक नाही याला. सगळ्यांनी मिळून बनवलंय म्हणे."

यावर अक्काने संगणकावर कापड ओढले. मापबाईंनी तिला चिडलेली पाहिली होती, आजारी पाहिली होती, पण तक्रारीवाचून बसलेली पाहिली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाने साडेआठचा ठोका दिला, तोही जरा बिचकतच. मग अक्का म्हणाली, "राहू दे. उद्या तो टॅबलेट आणील, तो घेते." आणि तिने आपले दोन्ही हात मांडीवर, पदराखाली ठेवून दिले.

मापबाई उठल्या आणि सरळ जिना उतरल्या. उसाशांच्या दुकानात पोचल्यावर त्यांनी सवयीने खाली बघितले, तर त्यांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात अक्काची. एक्केचाळीस वर्षे ज्यांनी लोकांना जोड जुळवून दिले, त्या बाई गल्लीभर विजोड चालत आल्या होत्या.

उसाशांनीही ते पाहिले आणि प्रकरण गंभीर आहे हे त्यांना न सांगता कळले. ऐकून झाल्यावर त्यांनी उसासा टाकला, तो आखूड, मध्यम, लांब यांपैकी कुठलाच नव्हता. "चूक माझी. मी म्हणालो जुन्या सामानाला धक्का लागत नाही. नवं सामान उरत नाही, हे म्हणालोच नाही." मग स्क्रूड्रायव्हर कानावर नीट बसवत म्हणाले, "पण तक्रारीला जागा नाही, हे कोणी सांगितलं अक्कांना?"

तीन मजले चढून ते वर आले, पुन्हा 'रोजची' लावली आणि अक्कापुढे एक पान उघडले.

"हे काय आहे?" अक्काने विचारले, अजून हात पदराखालीच.

"तक्रारी. या प्रणालीबद्दल जगात ज्याला जे खटकलं, ते सगळं इथे. प्रत्येकीला क्रमांक. कोणी लिहिली, कोणी उत्तर दिलं, किती दिवस लागले, सगळं उघडं. कोणीही वाचावं, कोणीही लिहावं."

"आणि उत्तर देतात?"

"देतात. कधीकधी भांडतातसुद्धा."

अक्काचा उजवा हात पदराबाहेर आला. मग डावा. पुढचा एक तास ती नुसती वाचत होती आणि मधून मधून शेरे देत होती. "या बाईने चांगलं मांडलंय, मुद्दा क्रमाने घेतलाय." "हा नुसता ओरडतोय, नमुना जोडलेला नाही." "याला तीन वर्षं उत्तर नाही? थांब, याचंही बघते." उसासे निघायला उठले तेव्हा ती म्हणाली, "बसा हो, एवढं वाचून होऊ दे," आणि ते बसले.

सव्वा अकरा वाजता तिने स्वतःची तक्रार लिहिली. इंग्रजीत, विषय, संदर्भ आणि सात क्रमांकित परिच्छेद. नुसते वापरून बघताना माणसाने काही जपून ठेवले, तर ते उरणार नाही हे त्याला ठळक अक्षरांत सांगावे. बंद करताना पुन्हा सांगावे. आणि हे आजवर का सांगितले नाही, याचाही खुलासा व्हावा. तसदीबद्दल क्षमस्व.

दुपारी तीन चाळीसला उत्तर आले. लिहिणाऱ्याने आपण स्वयंसेवक असल्याचे सांगून दिलगिरी व्यक्त केली होती. इतकी नीट लिहिलेली तक्रार आपण बऱ्याच दिवसांत वाचली नाही, असे म्हटले होते, आणि सूचना विचारात घेतो असे कळवून, परिच्छेद पाचबद्दल एक शंका विचारली होती. दहा मिनिटांनी दुसऱ्याच कोणीतरी लिहिले की सूचनेची गरज नाही, एवढे लोकांना कळायला हवे. त्यावर पहिल्याने त्याला झापले.

"धाकटे," अक्का म्हणाली, "दोन माणसं माझ्या तक्रारीवरून भांडताहेत. समुद्रापलीकडे."

"मग काय करू? खोकं बांधू?"

"बांध. कायमचं बसवा म्हणावं यांना. मला त्या लोकांशी खूप बोलायचंय."

उसाशांनी आधी जुन्या यंत्रातली सगळी पत्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली. दोन हजार तीनशे सोळा निघाली. मग 'रोजची' कायमची बसवली. पाऊण तास लागला. या वेळी बंद करून पुन्हा चालू करून त्यांनी तीनदा दाखवले की लिहिलेले राहते. तिसऱ्यांदा मापबाईंनीही स्वतः एक ओळ टंकून खात्री केली. ओळ होती: आठ नंबर, डावा पाय मोठा. ती अजून तिथे आहे. अक्काने पुसली नाही.

रविवारी बरोबर अकरा वाजता डॉक्टर आले. हातात टॅबलेटचे खोके. मापबाईंनी खाली बघितले. नवे कोरे बूट, आणि डॉक्टर दर पावलाला ओठ दाबत होते.

"ऑनलाइन मागवलेस?"

"हो, मावशी. का?"

"काही नाही. आत ये."

अक्काने मान वर केली नाही. बाकाचे निवेदन ती आठवून पुन्हा टंकत होती. नवाची चार पाने झाली होती आणि तिच्या मते त्यामुळे ते जास्त बोचत होते.

"आई, काय ठरलं मग? नवीन प्रणाली कशी आहे?"

"कुठली?"

"ही. जिच्यावर तू टाइप करतेयस."

"ती होय. बरं, मला सांग, बाक बसवताना कारागिराला रस्ता कुठल्या बाजूला आहे हे दिसलं नसेल का? की त्यालाही कोणी भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं?"

दारात उभ्या असलेल्या मापबाई गालातल्या गालात हसल्या.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि यंत्र तपासले, जसा दात तपासतात तसे, इकडून ढकलून, तिकडून ढकलून. सुरक्षेचे नवे भाग आपोआप येतात की नाही ते बघितले. येत होते. आपल्याच दवाखान्यात फोन लावून तोंड दिसते का बघितले. दिसले. मेनू सापडेना तेव्हा अक्का न बघता म्हणाली, "डावीकडे खाली. लहान आहेस का?" शेवटी त्यांनी हात झटकले.

"हलत नाही," ते म्हणाले. "राहू दे."

अक्का तोवर निवेदन छापू लागली होती. (बाक पुढे पाच आठवड्यांनी खरोखर वळवला. त्याच आठवड्यात बसथांबा रस्त्याच्या पलीकडे नेला. ती तक्रार वेगळी आहे आणि चालू आहे.)

डॉक्टर उठले आणि पहिल्याच पावलाला कळवळले. मापबाई खाली गेल्या आणि एक जोड घेऊन वर आल्या. आठ नंबर, कालच पॉलिश झालेला, डावा किंचित सैल.

"काढ ते. हे घाल. दहा पावलं चाल."

"मावशी, हे तर काकांचे..."

"चाल म्हणते ना."

डॉक्टर खिडकीपर्यंत गेले. पहिली तीन पावले ते बुटांकडे बघत होते. चौथ्या पावलाला म्हणाले, "मऊ आहेत." पाचव्याला खिडकीबाहेर बघितले. सहाव्या पावलाला वळून म्हणाले, "दवाखान्यातली ती नवीन मदतनीस आहे ना, ती पेशंटला आ करायला सांगते आणि स्वतःच फोनवर बोलत बसते."

मापबाईंनी नवे बूट आणि टॅबलेट एकाच खोक्यात भरले आणि दोरा काढला.